कालची घंटा

टिचकीभाऊंचं खरं नाव ऑफिसात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते आठवत नव्हतं. बटण कॉम्प्युटरचं असो, लिफ्टचं असो की घरच्या मिक्सरचं, ते दाबायचे म्हणून नाहीत. कॅरमच्या सोंगटीला मारावी तशी तर्जनीने एक टिचकी मारायचे आणि मान किंचित तिरकी करून वाट बघत राहायचे. जे घडायचं ते घडलं की म्हणायचे ‘हो’. नाही घडलं की म्हणायचे ‘नाही’. या दोन शब्दांवर त्यांनी उभी नोकरी काढली, आणि तीही इतक्या समाधानाने, की बघणाऱ्याचं पित्त खवळावं.

त्यांचं काम होतं सॉफ्टवेअर तपासण्याचं. लिहिणारे लिहून मोकळे होतात. पण लिहिलेलं खरंच चालतं का हे कुणीतरी बघावं लागतं, आणि त्या बघण्याचे दोन भाग असतात. सांगितलेलं काम होतं की नाही, एवढंच बघणं म्हणजे फंक्शनल टेस्टिंग. काम होतंय हे कबूल, पण किती वेळात होतं, एका वेळी किती माणसांना पेलतं, दिवसभर राबल्यावर मान टाकतं का, थरथरत्या हाताला जमतं का, हे बघणं म्हणजे नॉन-फंक्शनल टेस्टिंग. हे दुसरं नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला कोपरापासून नमस्कार, कारण ऐकणाऱ्याला वाटावं की हे बंद पडलेल्या वस्तूंचं खातं आहे. टिचकीभाऊंच्या साहेबांनाही तसंच वाटे. म्हणून पहिल्या कामाला खिडक्यांची मोठी खोली आणि सहा माणसं होती, आणि दुसऱ्या कामाला पाण्याचे रिकामे कॅन ठेवायची खोली आणि एकच बाई होती.

त्या बाईंना सगळे कितीबाई म्हणत, कारण त्यांचा प्रत्येक प्रश्न ‘किती’ने सुरू होई. कुणाला मुलगी झाल्याचं कळलं की बाकीचे अभिनंदन करत, आणि कितीबाई विचारत की किती वेळ लागला. बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून माणूस चाचपडायला लागे. टिचकीभाऊ त्यांना टाळत नसत. रोज दुपारचा डबा ते कॅनच्या खोलीतच खात, कारण तिथे गार असे. त्यांच्या मते बाई हुशार होत्या, फक्त घडलेल्या गोष्टीवर समाधान मानायला शिकल्या नव्हत्या.

ऑफिसातलं हजेरीचं यंत्र टिचकीभाऊंनीच पास केलं होतं. चेहरा दाखवला की ते ओळखे आणि हजेरी लावे. फक्त सगळे एकदम आले की ओळखायला त्याला दुसरा दिवस उजाडे. सोमवारी आलेला माणूस मंगळवारी हजर होई, आणि रजेवर गेलेला माणूस रजेच्या पहिल्या दिवशी हमखास कामावर असे. कितीबाईंनी हरकत घेतली तेव्हा साहेबांनी टिचकीभाऊंना बोलावलं आणि विचारलं, ओळखतं की नाही? टिचकीभाऊ म्हणाले, हो. तिथेच विषय मिटला, आणि लोक एक दिवस मागे राहून सुखाने नोकरी करू लागले.

घरी तीन माणसं. टिचकीभाऊ, त्यांची बायको आणि आई. बायकोची एकच तक्रार होती आणि ती तिने लग्नानंतर लगेचच करून पाहिली होती. नवऱ्याला काही सांगितलं की तो क्षणाचाही विलंब न लावता ‘हो’ म्हणे, आणि म्हटल्यावर त्याच्या डोक्यात ते काम झालेलं असे. उठणं नंतर केव्हातरी होई. ती म्हणे, ह्यांचं हो म्हणणं वेगळं आणि उठणं वेगळं, आणि या दोन्हींमध्ये माझा स्वयंपाक होऊन जातो. आई मात्र कधी चकार शब्द काढत नसे. सकाळी चहाच्या वेळीच ती सांगून ठेवी, संध्याकाळी माझ्या चष्म्याची काडी बघ रे, रात्री उशाशी पाणी लागेल रे. आणि तिचं सगळं वेळेवर होई. टिचकीभाऊ बायकोला आईचं उदाहरण देत.

मग कंपनीने दवाखान्यांसाठी घंटा बनवायला घेतली. प्रत्येक खाटेशी एक बटण. पेशंटने दाबलं की सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजणार आणि फळ्यावर खाटेचा नंबर लागणार. सिस्टरने त्या खाटेपाशी जाऊन हिरवं बटण दाबलं की ती घंटा संपली. टिचकीभाऊंनी तपासणीसाठी ऑफिसात खरीखुरी खाट मागवली, बूट काढून तीवर आडवे झाले आणि बटणाला टिचकी मारली. साहेबांच्या केबिनमध्ये घंटा खणखणली. टिचकीभाऊ पडल्या पडल्या ‘हो’ म्हणाले आणि तिथेच त्यांना डुलकी लागली.

कितीबाई खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वीस खाटा हव्या होत्या आणि त्यांवर पडून एकाच वेळी बटण दाबणारी वीस माणसं. साहेबांनी कपाळाला हात लावला. वीस जणांना एकाच वेळी तहान लागते का हो, असं विचारून त्यांनी बाईंना कॅनच्या खोलीत परत पाठवलं. घंटा एका दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात बसवली गेली. तिथे महिनाभर चालली की मोठे डॉक्टर येऊन बघणार होते, आणि त्यांना पसंत पडली की ती गावोगावच्या सगळ्या दवाखान्यांत लागणार होती.

आणि नेमका त्याच महिन्यात टिचकीभाऊंच्या आईला दम लागला. आधीपासून फुफ्फुसं नाजूक, त्यात सर्दीचं निमित्त झालं. दवाखान्यात भरती करून घेतलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एरवी काळजी नाही, पण दम अडकला तर काही मिनिटांत ऑक्सिजन लावावा लागेल. उशीर झाला तर हाती काही राहणार नाही. पण आईला नऊ नंबरच्या खाटेवर टेकवताना टिचकीभाऊंना उशाशी आपलं बटण दिसलं, आणि जीव भांड्यात पडला. भिंतीवर मोठी पाटी होती, कृपया हाक मारू नये, घंटा दाबावी. ती पाटी वाचून तर त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

“आई, ही घंटा माझ्या हातून पास झालीय,” ते म्हणाले. “लागेल तेव्हा दाब.”

आईने लगेच दाबून बघितली. तिला पाणी हवं होतं. कुणी आलं नाही. येतील, म्हणाले टिचकीभाऊ, आणि भेटायची वेळ संपल्यामुळे निघाले. जाताना त्यांनी भांडंभर पाणी स्वतः भरून ठेवलं नाही, कारण घंटा दाबून झाली होती.

त्या आठवड्यात ऑफिसात हातघाईची वेळ होती, म्हणून रोज बायको जाऊन येई. टिचकीभाऊ गेले ते थेट सुट्टीच्या दिवशी, आणि वॉर्डाच्या दारातच थबकले. वीस खाटांवर वीस बायका, आणि जिचा हात रिकामा ती बटण दाबत होती. विणकाम करणारी दोन टाक्यांमध्ये दाबत होती. दाराजवळच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई, ज्यांना सगळ्या शाळाबाई म्हणत, पुस्तक वाचता वाचता डाव्या हाताने दाबत होत्या. आणि मधोमध नऊ नंबरवर उशीला टेकून बसलेली त्यांची आई सगळ्यांवर लक्ष ठेवून होती.

शाळाबाईंनी त्यांना कौतुकाने सगळी पद्धत सांगितली. घंटा वाजते, यात वाद नाही. पण एक घंटा वाजली की सिस्टर येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत पुढची वाजत नाही, रांगेत थांबते. सिस्टर एकटी आणि बायका वीस. त्यामुळे सकाळी दाबलेली घंटा संध्याकाळी वाजायची, आणि हल्ली तर दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला बायका रडकुंडीला आल्या होत्या. मग नऊ नंबरच्या आजी आल्या आणि त्यांनी गाडी रुळावर आणली. गरज पडल्यावर घंटा दाबायची नाही, असा त्यांनी पहिलाच नियम केला. दाबत राहायचं, म्हणजे गरज पडेल तेव्हा कुणाची ना कुणाची वाजत असेल.

टिचकीभाऊंच्या डोळ्यांदेखत सिस्टर चौदा नंबरपाशी आली. चौदा नंबरवाली गाढ झोपली होती.

“ती कालची आहे,” आई म्हणाली. “तिला नको आता काही. सहा नंबरला उशी बदलून हवीय, तिकडे जा.”

सिस्टर मुकाट्याने सहा नंबरकडे गेली. तिलाही हे बरं पडत होतं, कारण नुसत्या नंबरावरून काम कळत नसे आणि आजींकडे सगळं तयार असे. जी बाई बरी होऊन घरी जाई ती जाण्याआधी तासभर बसून बटण दाबी आणि आपल्या घंटा वॉर्डाला ठेवून जाई. तीन नंबरवाली घरी जाऊन दोन दिवस झाले होते, तरी तिच्या घंटा अजून वाजत होत्या आणि बायका तिला दुवा देत होत्या. भेटायला येणारे पूर्वी फळं आणत. आता ते खाटेशी बसून पाच-पन्नास घंटा दाबून जात. शाळाबाईंचा जावई एकच दाबून पळाला, त्यावरून शाळाबाईंना तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती.

टिचकीभाऊ चक्रावून गेले, पण मग त्यांनी शांतपणे विचार केला. दाबलेली एकही घंटा वाया गेली नव्हती. घरी गेलेल्या बाईचीसुद्धा वाजत होती. म्हणजे शंभर टक्के हो. त्यांची छाती फुगली. आईला हे सुचलं ते तिच्या जुन्या नोकरीमुळे, असं त्यांनी शाळाबाईंना अभिमानाने सांगितलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी लोक परगावचा कॉल सकाळी बुक करत आणि तो दिवस मावळायला आल्यावर लागे. आईने हे ऐकलं आणि आणखी एक घंटा दाबली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी हा सगळा प्रकार कितीबाईंना रंगवून सांगितला. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. बाईंनी पोळीचा घास खाली ठेवला.

“बायका घंटा साठवतायत म्हणूनच रांग वाढतेय,” त्या म्हणाल्या. “आज दाबलेली किती वेळाने वाजेल?”

“वाजेल ना पण.”

“पाणी आगाऊ मागता येतं, उशी आगाऊ मागता येते. दम लागणं आगाऊ सांगता येतं का?”

टिचकीभाऊ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकले असते, तसा प्रश्न सोपा होता. पण त्यांचा डबा त्या दिवशी अर्धाच संपला. त्यांनी मनाची समजूत घातली की प्रत्येक वेळी कुणाची तरी घंटा वाजत असते, सिस्टर वॉर्डात असतेच, आणि आई सगळ्यांच्या मध्ये बसलेली आहे.

मोठे डॉक्टर बघायला येणार होते त्या दिवशी साहेबांनी नवा कोट घातला होता. वॉर्डात शिरल्याबरोबर त्यांनी टिचकीभाऊंना पुढे केलं, कारण बटण दाबावं तर यांनीच. कालपासूनच्या घंटांची रांग त्यांना ठाऊक होती. आता आपण दाबणार आणि ती उद्या वाजणार, आणि साहेब इथेच आपल्याला सोलून काढणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “दाब.”

त्यांनी टिचकी मारली, आणि त्याच क्षणी सिस्टरच्या टेबलावर घंटा खणखणली. फळ्यावर नऊ नंबर लागला. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते दोघं हसत हसत टेबलापलीकडच्या खोलीत गेले, आणि साहेबांनी जाताना सांगितलं की आईशी बोलून लगेच या, डॉक्टरांना तुमच्या तोंडून ‘हो’ ऐकायचंय.

दोघं दिसेनासे झाले तशी आई हसायला लागली. सिस्टर शाळाबाईंच्या खाटेशी हिरव्या बटणावर बोट ठेवून उभी होती. आईने सकाळीच मांडणी करून ठेवली होती. शाळाबाईंची वाजून गेलेली घंटा संपवायची नाही, तिच्या मागे रांगेत आईची कालची घंटा. टिचकीभाऊंनी दाबलं की सिस्टरने हिरवं बटण दाबायचं, म्हणजे आईची कालची वाजणार, आणि बघणाऱ्याला वाटणार आत्ताची वाजली. लेकाची लाज राखायला सबंध वॉर्डाने मुलाखतीला जावं तसा श्वास रोखून धरला होता. आता सगळ्या बायका खो खो हसत होत्या. सिस्टर हसत हसत नऊ नंबरचं हिरवं बटण दाबून आपल्या टेबलाकडे गेली. टिचकीभाऊंनाही हसू आलं. एवढं कुणी आपल्यासाठी केलं नव्हतं, आणि आईने पुन्हा एकदा सगळं वेळेवर करून दाखवलं होतं.

हसता हसताच आईचा दम अडकला.

आधी त्यांना वाटलं की ती अजून हसतेय. मग तिचे ओठ निळसर दिसले आणि तिच्या बोटांनी चादर गच्च धरली. टिचकीभाऊ खाटेवर झेपावले आणि त्यांनी घंटेला टिचकी मारली. मान तिरकी केली आणि वाट बघत उभे राहिले. आत्ताच नव्हती का वाजली, त्याच क्षणी? ती का वाजली हे त्यांना दोन मिनिटांपूर्वी सांगून झालं होतं, पण उभ्या आयुष्याची सवय काही दोन मिनिटांत जात नाही. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा वाट बघितली. मग धडाधड मारत सुटले. घंटा वाजत होती, पण ती बारा नंबरची, काल दुपारची.

“अहो, पळा ना,” शाळाबाई म्हणाल्या.

टिचकीभाऊ पळाले. खाटांच्या मधून वाट काढत, एका पायातली चप्पल मागे सोडून ते टेबलापाशी पोचले. सिस्टर उठून बारा नंबरकडे निघण्याच्या बेतात फळ्याकडे बघत होती. टिचकीभाऊंनी त्या फळ्यावर आपला पंजा ठेवला आणि नंबर झाकून टाकला.

“ते राहू द्या,” ते म्हणाले. “आई.”

सिस्टर चांगली होती. तिने एका हाताने सिलिंडर ओढला आणि दुसऱ्या हाताने यांना बाजूला सारलं. आईच्या तोंडावर मास्क बसला. बाकीच्या बायका बटणं सोडून बसल्या होत्या, वॉर्डात इतकी शांतता पहिल्यांदाच होती. हळूहळू आईच्या ओठांचा रंग परत आला आणि तिने चादर सोडली. टिचकीभाऊ खाटेच्या कडेला खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. कुणी बघतंय याची त्यांना फिकीर नव्हती.

बऱ्याच वेळाने ते एका पायात चप्पल घालून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. साहेबांनी पेन पुढे करून ठेवलं होतं. ते म्हणाले, या, सांगा डॉक्टरांना, घंटा वाजते की नाही? त्याच वेळी बाहेर घंटा वाजली, आणि साहेब प्रसन्न हसले.

“वाजते,” टिचकीभाऊ म्हणाले. “हो. पण नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला. उभ्या नोकरीत या माणसाने एका प्रश्नाला दोन उत्तरं दिली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे काय?

“वाजते का विचाराल तर हो. माझ्या आईच्या उशाशी ठेवाल का विचाराल तर नाही. ही आत्ता वाजली ती कालची आहे.”

साहेब ततपप करू लागले. डॉक्टरांना हे पटेना. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा टिचकीभाऊंनी त्यांना हात जोडून विनंती केली की तुम्ही स्वतः आडवे व्हा. त्या दिवशी तीन नंबरची खाट रिकामी होती. डॉक्टर बूट काढून तीवर आडवे झाले आणि त्यांनी बटण दाबलं. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर छताकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी कूस बदलली. सिस्टर येऊन पाच नंबरचं हिरवं बटण दाबून गेली, मग सतरा नंबरचं. शाळाबाईंनी डॉक्टरांना वाचायला पुस्तक देऊ केलं. शेवटी ते उठून बसले आणि म्हणाले की मला बाहेर पेशंट आहेत, मी असा किती वेळ पडून राहू?

“हाच प्रश्न आमच्या एका बाई विचारत होत्या,” टिचकीभाऊ म्हणाले. “त्यांना आम्ही कॅनच्या खोलीत ठेवलंय.”

घंटा काही गावोगाव गेली नाही. डॉक्टरांनी पाटी त्याच दिवशी उतरवली आणि हाक मारायला परवानगी दिली. साहेबांनी टिचकीभाऊंवर दात ओठ खाल्ले आणि त्यांना शिक्षा म्हणून खिडक्यांच्या खोलीतून कॅनच्या खोलीत टाकलं, जिथे ते जेवायला रोज जातच होते. कितीबाईंना वीस खाटा मिळाल्या. सगळं ऑफिस आळीपाळीने त्यांवर झोपून बटणं दाबू लागलं, आणि टिचकीभाऊ घड्याळ हातात घेऊन मधून फिरू लागले. घंटा नव्याने लिहायला घेतली आहे. लिहिणारे हल्ली टिचकीभाऊंना बघून रस्ता बदलतात, कारण तेही आता ‘किती’ विचारतात. हजेरीचं यंत्र तसंच आहे. त्याला साहेब हात लावू देत नाहीत.

आई घरी आली. पहिल्याच दिवशी ती आपल्या खोलीतून म्हणाली, पाणी लागेल रे. टिचकीभाऊ बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ‘हो’ म्हटलं नाही. वर्तमानपत्र तिथेच टाकून ते स्वयंपाकघरात पळाले, बायकोला ओलांडून गेले आणि भरलेलं भांडं घेऊन आईपुढे उभे राहिले. त्यांना धाप लागली होती आणि चेहऱ्यावर तेज आलं होतं.

आईने भांड्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे.

“आत्ता कशाला आणलंस?” ती म्हणाली. “मला जेवणानंतर लागणार आहे.”

टिचकीभाऊ हसले. म्हणाले, वॉर्डातलं डोक्यातून काढून टाक आता, इथे रांग नाही. तुझी ती एक्स्चेंजची सवय काही जात नाही.

“एक्स्चेंजची?” आई म्हणाली. “बुक करून बसायचे ते लोक. मी जोडून देणारी होते. माझ्या हातात आलेला कॉल मी कधी थांबवला नाही.” तिने पांघरूण नीट केलं. “हे मी तुझ्याकडून शिकले. तू लहानपणापासून हो लगेच म्हणतोस आणि येतोस तुझ्या वेळेने. मग मी काय करणार? तहान लागायच्या आधी सांगून ठेवायला लागले. दवाखान्यात गेले तर ती घंटा अगदी तुझ्यासारखीच निघाली. मला काही जड गेलं नाही.”

ती रागाने बोलत नव्हती. चष्म्याच्या काडीबद्दल बोलावं तशी बोलत होती, आणि म्हणूनच टिचकीभाऊंना ते सोसवेना. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. हो म्हणावं की नाही, हे त्यांना कळेना. त्यांनी विचारलं, पाणी परत नेऊ का?

“राहू दे,” आई म्हणाली. “आणलंयस तर पिते.”

तिला तहान नव्हती. तरी तिने ते भांडं दोन्ही हातांनी धरून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवलं, आणि रिकामं भांडं घ्यायला टिचकीभाऊ हात पुढे करून तिथेच उभे राहिले.